नकाशावरचं रिकामं कॅन्टीन

आमचं विहार बरीच वर्षं एका जुन्या गाडीच्या डिकीत राहत होतं. हे मी थट्टेने म्हणत नाही. टॉवेलात गुंडाळलेली पितळी बुद्धमूर्ती, आमच्यातल्या प्रत्येक घरात असतात त्या दोन तसबिरी, पंचशील ध्वज, पांढऱ्या चादरी, मेणबत्त्या, मुलांच्या मराठी वर्गाचे तक्ते आणि पोह्यांचं मोठं पातेलं, असा सगळा संसार त्या डिकीत होता. दर रविवारी सकाळी तो बाहेर निघायचा आणि दुपारी पुन्हा आत जायचा. गाडी ज्या काकांची, तेच आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. एअरपोर्टवर सामान चढवण्या-उतरवण्याची नोकरी करून रिटायर झालेले. "डिकी कशी लावायची ते मला शिकवू नका," असं ते तरुण पोरांना दटावायचे. आणि खरंच, त्यांच्यासारखी डिकी दुसऱ्या कुणाला लावता यायची नाही.

मी लंडनमधल्या हाउन्सलोत राहते. आमची जमायची जागा मात्र तिथून दोन बस बदलून, दुसऱ्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हद्दीत होती. पूर्वी तिथे बिस्किटांचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर एवढी मोठी जागा नुसती पडून राहिली: पत्र्याच्या शेड, फुटक्या काचा, भिंतींतून उगवलेली जांभळ्या तुऱ्यांची झुडपं, मधोमध एक विटांची उंच चिमणी, आणि डोक्यावरून सारखी उतरणारी विमानं. कोपऱ्यात कामगारांचं जुनं कॅन्टीन होतं. जागेच्या मालकांनी, पुढे सगळं पाडून नवीन बांधेपर्यंत, ते आम्हाला रविवारपुरतं वापरायला दिलं होतं. त्या कॅन्टीनमध्ये आमची वंदना व्हायची, मुलांचा वर्ग व्हायचा, बारशी झाली, दोन लग्नं लागली, आणि माणसं गेली तेव्हा पुण्यानुमोदनही तिथेच झालं. नागपूरहून, पुण्याहून नोकरीसाठी आलेली कितीतरी पोरं लंडनमध्ये पहिल्यांदा पोटभर मराठी बोलली ती त्याच छपराखाली.

काकांचा एकच नियम होता. जागा आपली नाही, जशी मिळाली तशी परत द्यायची. भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टी नाही, दारावर पाटी नाही. फोडणीचा वास राहू नये म्हणून जानेवारीच्या थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि आम्ही आत कोट घालून कुडकुडत खुर्च्या रचतोय. झाडू, पोछा, कचऱ्याची पिशवी, सगळं परत डिकीत. मी एकदा म्हटलं, "काका, निदान झाडू तरी इथे ठेवू या." ते म्हणाले, "आज झाडू ठेवशील, उद्या कपाट मागशील." काकू गेल्या त्यांचं पुण्यानुमोदनही तिथेच झालं. लोक काकांना बसा बसा म्हणत होते आणि हा माणूस बायकोच्या तसबिरीसमोरची फुलं उचलून, स्वतः फरशी पुसत होता. त्या दिवशी मला त्यांचा राग आला की कीव, ते माझं मलाच कळलं नाही. दोन्ही आले असावेत.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी प्लॅनर आहे, तिसऱ्याच एका कौन्सिलमध्ये. मोठ्या जागांचं पुढे काय व्हावं ते आधी कागदावर ठरवायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, बिल्डर येतो, आराखडा काढतो आणि बांधतो. तसं नसतं. त्याच्या आधी त्या जागेच्या नकाशावर नियमांचे थर चढतात. मी शिकत होते तेव्हा बटर पेपरचे ताव एकावर एक ठेवायचो. आता कम्प्युटरवर टिचकी मारली की थर चढतो आणि उतरतो. एक थर सांगतो पाणी कुठे तुंबेल. दुसरा सांगतो विमानांमुळे किती उंच बांधता येईल. एखादा सांगतो, ही जुनी भिंत पाडायची नाही. आणि कारखान्यासारखी अख्खी जागा असली की खास तिच्यासाठी एक थर करतात: घरं कुठे, शाळा कुठे, रस्ता कुठून, आणि काय पाडलं तर त्याच्या बदल्यात काय बांधून दिलंच पाहिजे. बिल्डर कितीही मोठा असो, त्याला या थराखालूनच जावं लागतं. पण त्यात एक गोम आहे. जे थरावर नोंदलेलं नाही त्याच्या बदल्यात कुणी काही देत नाही, कारण ते होतं हेच कुणाला ठाऊक नसतं.

बिस्किट कारखाना ज्या कौन्सिलच्या हद्दीत, तिने त्या जागेसाठी असाच थर करायला घेतला आणि त्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी वेबसाइटवर टाकला. मी सवयीने उघडला. जागा नीट अभ्यासली होती, खोटं कशाला बोलू. चिमणी राखायची होती. एका शेडमध्ये वटवाघळं सापडली होती, त्यांच्यासाठी वेगळी खूण होती आणि त्यांची सोय झाल्याशिवाय ती शेड पाडता येणार नव्हती. कॅन्टीनवर मात्र फिकट करडा रंग होता. त्या रंगाचा अर्थ बाजूला दिला होता: रिकामी इमारत, वापरात नाही.

मी खुर्चीत सरळ बसले. पाहणी करणारा माणूस कधीतरी बुधवारी-गुरुवारी आला असणार. त्याने खिडकीतून आत पाहिलं असणार: लखलखीत फरशी, भिंतीला रचलेल्या खुर्च्या, एक कागद नाही, एक पाटी नाही. त्याने लिहिलं, रिकामी. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. आणि हे असंच राहिलं तर कॅन्टीन पाडलं जाईल, तिथे फ्लॅट उभे राहतील, आणि आमच्या वाट्याला परत ती डिकी.

रविवारी मी काकांना नकाशा फोनवर दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"म्हणजे बघ बेटा, आपण जागा किती स्वच्छ ठेवली! कुणाला पत्ता लागला नाही."

मी कपाळाला हात लावला. "काका, ही शाबासकी नाहीये. आपण नाहीच आहोत असं लिहिलंय त्यांनी. त्या वटवाघळांना अक्कल आपल्यापेक्षा जास्त. ती लेंड्या टाकून गेली, म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांना घर मिळणार. आपण फरशी पुसून गेलो."

आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत. "मग आता काय करायचं म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

मी वेगळ्या कौन्सिलची नोकरदार, त्यामुळे माझ्या साहेबांच्या कानावर घातलं आणि एक साधी वापरणारी बाई म्हणून त्या कौन्सिलला ईमेल केली, की कॅन्टीन रिकामं नाही, रविवारी येऊन बघा. तिथल्या ऑफिसर बाईंचं लगेच उत्तर आलं. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, अकरा वाजता, त्या स्वतः येतील. त्यांना वापर चालू असताना बघायचा होता, आणि माझीही तेवढीच इच्छा होती. अकराला आमची वंदना ऐन रंगात असते. पोरं मागे दंगा करत असतात, चपलांचा ढीग दाराबाहेर आलेला असतो, पोह्यांचा वास सुटलेला असतो. मी सगळ्यांना बजावलं, "काही वेगळं करू नका. नेहमीसारखं असू द्या." काका म्हणाले, "तू काळजीच करू नकोस. साहेब लोकांना कसं घ्यायचं ते मला माहीत आहे." तिथेच मला शंका यायला हवी होती.

त्या रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे पिकॅडिली लाइनची ट्यूब बंद, म्हणून सगळी गर्दी बसवर. पहिली बस रडतखडत चालली होती, आणि पुढची बस माझ्या डोळ्यांसमोर सुटली. मी गेटपाशी पोचले तेव्हा ऑफिसर बाईही सायकलला कुलूप लावत होत्या. तिशीतल्या असतील, हेल्मेटने केस चपटे झालेले, हसऱ्या. मी म्हटलं, चला, ऐकू येईलच. ऐकू काहीच येत नव्हतं. दाराबाहेर एक चप्पल नव्हती.

आत गेलो आणि माझे पाय जागीच थांबले. फरशी आरशासारखी. खुर्च्या भिंतीला रचलेल्या. मूर्ती नाही, ध्वज नाही, पातेलं नाही. खिडक्या उघड्या, वासाचा मागमूस नाही. मधोमध एकच खुर्ची, तिच्यावर भरतकामाचं कापड. आणि आमची सगळी माणसं, पांढरे इस्त्रीचे कपडे घालून, पोरांना घट्ट धरून, भिंतीलगत रांगेत उभी. काका पुढे आले. त्यांच्या एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात शाल.

नंतर कळलं ते असं. पाहुण्यासमोर पसारा नको म्हणून काकांनी वंदना नऊ वाजताच उरकून घेतली होती. दहापर्यंत खाणं, साडेदहापर्यंत साफसफाई. आणि त्यानंतर सत्काराची तयारी. मंडळात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं काय करतात?

बाई गोंधळून म्हणाल्या की त्यांना भेटवस्तू घेता येत नाहीत, नियम आहे. काकांना वाटलं, त्या आढेवेढे घेतायत. त्यांनी शाल आणखी पुढे केली. बाई दोन पावलं मागे सरल्या. शेवटी मी मध्ये पडून शाल काढून घेतली. मग बाईंनी सगळीकडे नजर फिरवली, पेन काढलं आणि काकांनाच विचारलं, तुम्ही लोक या जागेचा काय वापर करता?

काका अदबीने वाकले आणि इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी लिटल, मॅडम. नो नॉइज, नो प्रॉब्लेम. वुई कम, वुई क्लीन, वुई गो."

बाई लिहायला लागल्या. ते लिहिणं बघून माझं डोकं फिरलं. आता हेही नोंदलं जाणार: फारच थोडा वापर. एवढी बारशी, एवढे मृत्यू, लहानपणी तिथे अआइई गिरवून आता कॉलेजला गेलेली मुलं, सगळ्यांवर हा माणूस स्वतःच्या तोंडाने पोछा मारत होता. मला राहवलं नाही. मी मराठीत, चांगल्या चढ्या आवाजात म्हणाले, "काका, कमरेला झाडू बांधून आपल्याच पावलांच्या खुणा पुसत चालायचे दिवस गेले ना? मग हे काय चालवलंय तुम्ही?"

आमच्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एके काळी आमच्या पूर्वजांना रस्त्याने जाताना असा झाडू बांधायला लावत, हे आमच्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. त्या हॉलमध्ये कुणी हललं नाही. बाईंना शब्द कळला नव्हता, पण काहीतरी झालंय हे कळलं आणि त्यांचं पेन थांबलं. मी बोलले त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण काकांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

काका माझ्या शेजारून बाहेर गेले. मला वाटलं, गाडी काढून घरी चालले. थोड्या वेळाने ते दारात आले ते मूर्ती छातीशी धरून. टॉवेल खांद्यावर टाकलेला. उंबऱ्यात थांबून त्यांनी बूट काढले, ऑफिसर बाईंच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, शूज प्लीज. धिस इज अवर विहार."

बाई पटकन खाली बसून नाड्या सोडायला लागल्या.

मग जे झालं ते मी विसरणार नाही. सगळ्यांनी धडाधड सामान आणलं. कुणी टेबल ओढलं, कुणी चादर अंथरली. तक्ता लावायचा कुठे असा प्रश्न आला तेव्हा काकांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि स्वतःच्या हाताने भिंतीला चिकटवली. ती त्यांच्या खिशात कशी आली ते देव जाणे, म्हणजे आम्ही देव मानत नाही, तेव्हा कुणीच जाणे ना. वंदना दुसऱ्यांदा झाली. एकाच सकाळी दोनदा वंदना, आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच. काकांचा आवाज सुरुवातीला घोगरा होता. त्रिशरणापर्यंत मोकळा झाला. बाई मोज्यांतच मांडी घालून मागे मुलांमध्ये बसल्या होत्या, आणि एक मुलगी त्यांना डोळे मिटून बसायचं कसं ते शिकवत होती. पोह्यांचं पातेलं परत उघडलं. थंड झालेले पोहे बाईंनी वाटी पुढे करून दोनदा घेतले. ते नियमात बसत असावं. निघताना त्यांनी लोकांना एकेक करून विचारलं, किती वर्षं येता, कशासाठी येता. एका मावशी म्हणाल्या, "माझ्या मुलाचं लग्न इथेच लागलं," आणि हात धरून त्यांना तो कोपरा दाखवून आल्या.

काका त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. पुढचे काही रविवारही, कामापुरतं तेवढंच. मीही मुद्दाम गोड बोलायला गेले नाही. आमच्या दोघांचा स्वभाव सारखाच, म्हणून तर इतकी वर्षं पटलं.

थराची पक्की प्रत यायला बरेच महिने गेले. अशा गोष्टींना वेळ लागतो, सूचना येतात, बैठका होतात, मजकूर पाच वेळा बदलतो. एका संध्याकाळी ती प्रसिद्ध झाली. मी आधी करडा रंग शोधला. तो नव्हता. कॅन्टीनच्या जागी तिरक्या रेघांची एक छोटी चौकट होती, आणि खाली दोन वाक्यं: इथे लोकांच्या एकत्र जमण्याचा वापर चालू आहे. ही इमारत पाडण्यापूर्वी याच जागेवर निदान एवढंच मोठं, सर्वांसाठी खुलं असलेलं सभागृह बांधून तयार असलं पाहिजे. मी असली वाक्यं पोटासाठी लिहिते, दुसऱ्यांच्या जागांसाठी. ही दोन मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली आणि रडले, चांगलं हमसून. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्या थराचं सरकारी नाव सांगितलं: सप्लिमेंटरी गाइडन्स वाचतेय.

दुसऱ्या दिवशी मोठ्या कागदावर प्रिंट काढून काकांच्या घरी गेले. त्यांनी नकाशा डायनिंग टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर डबे ठेवले आणि ती तिरक्या रेघांची चौकट बराच वेळ बघत राहिले. दोन्ही वाक्यं मी मराठीत करून सांगितली. हेही सांगितलं, की काम टप्प्याटप्प्याने होईल, सभागृहाचा टप्पा यायला वर्षं लागतील.

"म्हणजे मी काही बघत नाही," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मग त्यांनी बोट फिरवत विचारलं, "आपल्या मंडळाचं नाव कुठे आहे यात?"

हाच प्रश्न येणार याची मला धास्ती होती. "नाव नसतं काका. थर जागेचा वापर राखतो, माणसं नाही. सर्वांसाठी खुलं, एवढंच लिहिलंय. उद्या तिथे योगा क्लासही येईल, चर्चवालेही येतील, कुणाचे वाढदिवसही होतील. आपल्याला इतरांसारखं बुकिंग करावं लागेल."

मला वाटलं, आता म्हणतील, मग एवढं सगळं कशासाठी केलं? त्याऐवजी ते त्यांच्या गावाबद्दल बोलायला लागले. गावाबद्दल ते फारसं बोलत नसत. गावात एक विहीर होती. तिच्यावर पाटी होती, सार्वजनिक विहीर. त्यांच्या घरात वाचायला शिकलेले ते पहिलेच. नवीन नवीन वाचता यायला लागलं होतं, तेव्हा त्यांनी ती पाटी मोठ्याने वाचली आणि सरळ पाणी घ्यायला गेले. वडिलांनी धावत येऊन, सगळ्या गावासमोर, त्यांना बडवलं. "दुसऱ्यांनी मारलं असतं तर जिवंत सोडलं नसतं," काका म्हणाले, "म्हणून बापाने मारलं. मला हे कळायला फार वर्षं लागली."



काकांनी पुन्हा नकाशाकडे पाहिलं. "म्हणजे दुसरे कुणी लोक आले, तर आपल्याला त्यांना नाही म्हणता येणार नाही?"

"नाही."

"आणि त्यांना? आपण गेलो, तर आपल्याला नाही म्हणता येईल कुणाला?"

"नाही काका. कुणालाच नाही."

"पाटीवर लिहिलेलं असतं, तरी म्हणतात लोक."

"म्हटलं तर मी आहे ना," मी म्हणाले. "तुम्हाला माझा आवाज माहीत आहे."

काका हसले. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. मग खाली वाकून त्यांनी ते सर्वांसाठी खुलं असं सांगणारं दुसरं वाक्य स्वतः वाचायला घेतलं, इंग्रजीत, एकेक शब्द तोडत, मोठ्याने.